पंचफुलाच्या सुपातली छाट

गोंदियात बारा-तेरा वर्षं कोणतं ग्राफिक कार्ड चांगलं अन् कोणतं भंगार, हे माझ्या बायकोच्या बिड्यांवरून ठरत होतं. ही गोष्ट गावात फार थोड्या लोकांना माहीत आहे. बाकीच्यांना वाटते, मिस्त्रीच मोठा जाणकार होता. दिवाळी अंकवाले मास्तर दुकानात येऊन म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या धंद्यावर लिहा." मी म्हटलं, मी चौथी पास माणूस, मला सजवता येत नाही, जसं झालं तसंच लिहीन. ते म्हणाले, तेच पाहिजे. म्हणून लिहून राहिलो. पंचफुला गेल्याला दुसरा हिवाळा आहे. ती असती तर लिहू दिलं नसतं.

मी मुळात रेडिओ-टीव्हीचा मिस्त्री. नव्याण्णव साली पहिला कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आला, तोही जळालेला. पुढं गावात गेम पार्लर निघाले. पोरं येऊन विचारायची, "काका, गेम अटकता है, कौनसा कार्ड डालूँ?" मला गेम खेळता येत नव्हता, खोक्यावरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण बिघाड कुठं आहे ते शोधता येत होतं. तेवढ्यावर धंदा सुरू झाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ग्राफिक कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली एक पाटी, तिच्यावर पंखा. पडद्यावरचं चित्र ती काढते. सिनेमा आधी काढून ठेवलेला असतो, तो नुसता दाखवायचा. गेमचं तसं नाही. तुम्ही बटण दाबलं की पुढचं चित्र तिथल्या तिथं नवीन काढावं लागते, एका सेकंदात तीस, चाळीस, साठ. काढता काढता कार्ड दमलं की चित्र अडकते. तेवढ्यात समोरचा तुम्हाला गोळी घालून निघून जाते.

कार्डं तीन प्रकारची. खालचं, त्याच्यात पत्ते खेळा. वरचं, ते गोंदियात कोणी घेत नाही. अन् मधलं. सगळा धंदा मधल्या मालाचा. वरच्या मालाला खोटं बोलायची गरज नाही, खालच्याला तोंडच नाही. खोटं सगळं मधल्या मालाच्या खोक्यावर. आगीतून उडी मारणारी बाई, ड्रॅगन, मोठमोठे आकडे. नागपूरचा ठोक व्यापारी मला दोन-तीन नमुने पाठवायचा. मी लावून पाहायचो. गोंदिया, तिरोडा, देवरी, आमगाव, इकडची पार्लरवाली मी सांगेन ते कार्ड घ्यायची.

माझी स्वतःची परीक्षा टिनाखालची. नागपूरवाला एसीत बसून कार्ड पास करायचा. आमच्याकडं मे महिन्यात टिनाच्या खोलीत हात लावला तर कॅबिनेट चटका देते, अन् वरून राईस मिलचा कोंडा उडते तो पंख्यात जाऊन बसते. मी कार्ड टिनाखाली चार तास गेमवर चालवायचो. पंख्याचा आवाज बदलला की नापास. हे मला येत होतं. पण दोन्ही कार्डं टिनाखाली टिकली, तर त्यातलं चांगलं कोणतं? तिथं माझे डोळे थांबायचे. मला दोन्हीकडं सारखीच गाडी पळताना दिसायची.

पंचफुला लग्नाआधीपासून बिड्या वळत होती. दुकानाच्या मागंच आमचं घर. ती जमिनीवर बसायची, मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं, तंबाखू, दोऱ्याची रीळ. बिडी वळताना ती सुपाकडं पाहत नसे. बोटं आपली चालायची, नजर दुसरीकडं. एक दिवस मी दोन पडदे शेजारी शेजारी लावले होते, दोन्हीवर गाड्यांचा तोच गेम आपोआप चालू होता. ती तिकडं पाहत पाहत वळून राहिली होती. एकदम म्हणाली, "अवो, ते डावीवाली अडकते."

"कुठं अडकते? मले तं नाई दिसत."

"मले बी नाई दिसत. माह्या हाताले समजते." तिनं सुपातून दोन बिड्या उचलून दाखवल्या. तोंड नीट दुमडलेलं नव्हतं, पान सुटलेलं. "तिच्यात चित्र थांबते, मंग माहा हात थांबते, अन् पान सुटते. उजवीकडं पाहून वळल्या त्याच्यात एक बी छाट नाई."

छाट म्हणजे नापास बिडी. कारखान्याचा चेकर पंचवीस बिड्यांचा कट्टा हातात घेते अन् खराब निघाल्या त्या बाजूला फेकते. त्याला छाट म्हणतात.

मी हसलो. मग तिला पाणी आणायला पाठवलं अन् तेवढ्यात कार्डांची अदलाबदल केली. ती आली, बसली, कट्टाभर बिड्या वळल्या. "आता उजवीवाली अडकते."

त्या दिवसापासून माझं यंत्र माझ्या घरात होतं.

कायदा तिनंच घातला. कोणत्या मशीनमध्ये कोणतं कार्ड, हे तिला सांगायचं नाही. कॅबिनेटवर चादर टाकायची. खोकी दुसऱ्या खोलीत. मी विचारलं, "काऊन?" तर म्हणाली, "तो चेकर आधी आमचं तोंड पाहे अन् मंग बिडी पाहे. आमच्या मोहल्ल्यातल्या बायांचा कट्टा आला का छाट जास्त निघे. त्याच बिड्या मी एकदा पाटलाच्या सुनेच्या हातानं पाठवल्या तं एक बी छाट नाई. मले नाव सांगू नका. नाव समजलं का मी बी चेकर होईन." तिच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली होती. कोणी तोंड पाहून माल फेकला, हे ती विसरणारी नव्हती.

असं काम ठरलं. आधी टिनाखालची परीक्षा माझी. मग दोन मशीन, दोन चादरी, दोन कट्टे. माझ्या वहीत दुसरं काहीच नसे: कार्डाची खूण अन् छाट किती. कट्ट्यात दोनच्या वर छाट गेली की कार्ड नापास. पास झालेल्या कार्डाच्या पट्टीवर मी लाल नेलपॉलिशचा एक टिकला लावायचो. नेलपॉलिश तिची नव्हती, तिनं जन्मात नखं रंगवली नाहीत. आम्ही टीव्हीवाले जमवलेला स्क्रू हलू नये म्हणून नेलपॉलिश लावतो, ती बाटली. हळूहळू लोक दुकानात खोकं न पाहता टिकला पाहायला लागले. "मिस्त्री काका का टीका है क्या?" बालाघाटपर्यंत ही गोष्ट पोचली. टिकला माझ्या नावावर चालत होता. सूप मागच्या खोलीत होतं.

एक गिऱ्हाईक सांगतो. देवरीचे भाऊलालजी. रायपूरच्या रस्त्यावर सारी उमर ट्रक चालवला, अपघातात एक पाय गेला. घरी बसून माणूस सुकून चालला होता, म्हणून मुलीनं त्यांना ट्रकचा गेम आणून दिला. ते कुबडी घेऊन बसनं दुकानात आले. मी पास केलेलं कार्ड लावून दाखवलं. दोन मिनिटं चालवलं अन् स्टिअरिंग सोडून दिलं.

"नाई चालत."

"काऊन नाई चालत? टिकला आहे त्याच्यावर."

"टिकल्याले काय करू? आरशात पाहा. मागची गाडी तुटून तुटून येऊन राहिली. आरसा बरोबर नसन तं मी लाईन बदलू कसा?"

मला राग आला. मी मागं जाऊन पंचफुलाला सांगितलं, एक लंगडा माणूस आपलं कार्ड नापास करून राहिला. ती सूप घेऊन पहिल्यांदा दुकानात गिऱ्हाइकासमोर आली. खाली बसली अन् यावेळी रस्ता सोडून नुसत्या आरशावर नजर लावली. अर्ध्या कट्ट्यातच तीन छाट. सूप बाजूला ठेवून भाऊलालजींना म्हणाली, "भाऊ, तुमचं बरोबर हाये. मी रस्ता पाहून राहिली होती." मग मला म्हणाली, "पुसा तो टिकला." मी थिनर लावून पुसला. तिसऱ्या कार्डात आरसा नीट निघाला. भाऊलालजी ते घेऊन गेले. पुढं कधी फोन आला की म्हणायचे, "मिस्त्री, आज नागझिऱ्याचा घाट उतरून आलो." गेममध्ये नागझिरा नव्हता, तो त्यांच्या डोक्यात होता.

ती चूक तिनं दोन मिनिटांत मानली. माझी मानायला मला किती दिवस लागले ते आता सांगतो.

दोन हजार बाराच्या आसपासची गोष्ट. राजू भैयाचं गोंदियात पार्लर होतं, आता तो तिरोड्याला दुसरं काढत होता. दिवाळीच्या सुट्टीत उद्घाटन, त्याच दिवशी बंदुकीच्या गेमची स्पर्धा, दहा मशीन. त्यानं बाहेर बोर्ड लावून टाकला: सगळ्या मशीनमध्ये मिस्त्री काकाने पास केलेली कार्डं. माझं नाव पहिल्यांदा बोर्डावर आलं. मी बस पकडून तो बोर्ड पाहून आलो, हे कबूल करतो.

नागपूरहून दोन नमुने आले. एक लहान, एका पंख्याचं. दुसरं लांबलचक, दोन पंख्यांचं, खोक्यावर मेमरी दुप्पट लिहिलेली. राजू भैयाचा जीव मोठ्यावर. अन् त्याच महिन्यात मी एक नवी गोष्ट शिकलो होतो. पडद्याच्या कोपऱ्यात एका सेकंदात किती चित्रं निघून राहिली त्याचा आकडा दिसते, तो प्रोग्राम एका गिऱ्हाइकानं टाकून दिला होता. इंग्रजी येत नसलं तरी आकडा मला वाचता येत होता. चौथी पास माणसाच्या हाती पहिल्यांदा शास्त्र आलं होतं. मी दिवसभर आकडेच पाहत बसायचो.

लहान कार्डाचा आकडा बावन्न. मोठ्याचा अठ्ठावन्न. टिनाखाली दोन्ही टिकली. पंचफुला बसली. मोठ्यावर पाच छाट, लहानावर एक. मी अदलाबदल केली. पुन्हा मोठ्यावर पाच. तिसऱ्यांदा केली. सहा.

मी चादर ओढून काढली. "हे पाहा. हे मोठं, हे लहान. आकडा पाहा, मोठ्याचा जास्त आहे. तुझा हात थकला आज."

तिनं मोठ्या कार्डाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आकडा पाहून पास करायचं होतं तं मंग मले कायले बसवलं तुमी?"

दहा मोठी कार्डं मागवली अन् दहांवर टिकला लावला. ती शेजारी बसून तेंदूची पानं कापत होती.

उद्घाटनाला दुपारी मी तिरोड्याला गेलो. फुगे, पेढे, पोरांची गर्दी. स्पर्धा सुरू झाली. मोकळ्या रस्त्यावर सगळं मस्त पळत होतं. मग दोन्हीकडची पोरं गेममधल्या एका चौकात जमली, कोणीतरी धुराचा बॉम्ब फेकला अन् दहाही पडदे अडकले. सुटले, पुन्हा अडकले. पोरं उठून उभी राहिली. "अबे ये क्या है! भैया, कार्ड है के छप्पर का कौलू है?" एकानं वाकून कॅबिनेटच्या मागं पाहिलं अन् ओरडला, "टीका तो लगा है!" सगळे हसले. राजू भैया माझ्याजवळ आला. आवाज न चढवता विचारलं, "काका, आपने खुद पास किया था ना?"

मी म्हटलं, "व्होल्टेज कम है."

दुसऱ्या दिवशी म्हटलं, कोंडा गेला असेल. नव्या कार्डात कोंडा! तिसऱ्या दिवशी म्हटलं, गेमच खराब आहे.

खरं काय होतं ते मला त्या आठवड्यात समजलं. मोठ्या कार्डाची मेमरी दुप्पट होती पण मंद जातीची. मोकळ्या जागी भराभर चित्रं काढून ते आकडा वाढवून ठेवायचं, अन् गर्दी, धूर आला की दम तुटायचा. सरासरी चांगली, चाल वाईट. पन्नास चित्रं धावत आली अन् मग क्षणभर काहीच आलं नाही, तरी आकडा चांगलाच दिसते. माणसाचा डोळा मात्र त्या रिकाम्या क्षणात मरते. आकडा ते सांगत नव्हता. बोटं सांगत होती, तीनदा सांगितलं.

पुढचे नमुने आले तेव्हा पंचफुला सूप घेऊन उठली अन् अंगणात जाऊन बसली.

"फुला, बस ना."

"नाई बसत. तुमाले आता आकडे वाचता येतात."

मी एकट्यानं पंधरा दिवस पाहिलं. दोन्ही पडदे मला सारखेच दिसत होते. एकाही कार्डावर टिकला लावायची हिंमत झाली नाही. शेवटी अंगणात जाऊन तिच्यापुढं बसलो अन् म्हटलं, माझं चुकलं. ती पान कापत म्हणाली, "मले कायले सांगता? मले मालूम हाये. तो चेकर बी एकदा आईजवळ येऊन म्हणे, बाई, चुकलं. आईजवळ, घरात. फेकलं होतं तं शंभर बायांच्या समोर. जिथं टिकला लागला तिथं जाऊन सांगा."

रविवारी गेलो. पार्लर भरलेलं होतं. मी मधात उभा राहून हिंदीत बोललो, म्हणजे कोणी समजलो नाही म्हणू नये: व्होल्टेज ठीक था. कार्ड मेरी घरवाली ने तीन बार फेल किया था. पास मैंने किया. आजतक सब कार्ड उसी ने पास किए, टीका उसका था, नाम मेरा.

पोरं हसली. "काकी? काकी गेम टेस्ट करती है?" चष्म्याचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणाला, "काका, बीड़ी से? कुछ भी!" मला वाटलं होतं सांगून मोकळा होईन. ते तर उलटंच झालं. राजू भैया म्हणाला, "तो फिर काकी को लाओ. सबके सामने."

मला वाटलं ती येणार नाही. ती म्हणाली, "चला. पानं ओल्या फडक्यात बांधून घेते, बसमध्ये सुकतात."

तिरोड्याला पार्लरमध्ये तिनं फरशीवर पोतं अंथरलं, मांडीवर सूप घेतलं, पदर खोचला. दोन मशीन निवडल्या. लहान जातीची दोन कार्डं मी सोबत नेली होती, मोठी तिथं होतीच. चष्मेवाल्या पोरानं स्वतः कार्डं लावली, चादरी टाकल्या, कोपऱ्यातल्या आकड्यांवर कागद चिकटवला. मला बाहेर रस्त्यावर उभं केलं, इशारा करू नये म्हणून. मी काचेतून पाहत होतो. दोन खेळायला बसले, बाकीचे तिच्या बोटांकडं पाहत होते. पहिले दोन कट्टे झाले. डावीवर पाच, उजवीवर एक. चादर काढली, डावीकडं मोठं होतं. पोरं "अरे!" म्हणाली. दुसऱ्यांदा बदललं, तिनं बदललेलं सांगितलं.

तिसऱ्यांदा पोरांनी खुसुरफुसुर केली, बराच वेळ लावला. ती वळत बसली. एक छाट इकडं, एक तिकडं. तिनं बोटं थांबवली अन् चष्मेवाल्याकडं पाहिलं.

"हे दोन्ही एकच होय. मले कायले येडी बनवून राहिला रे?"

चादरी काढल्या. दोन्हीकडं लहानच कार्ड. एवढा गलका झाला की शेजारचा पानठेलेवाला आत आला. मी तोंड वळवून रस्त्याकडं पाहत उभा राहिलो. त्या दिवशी मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा माझ्या कोणत्याच कामाचा कधी वाटला नाही. ते काम माझं नव्हतंच.

राजू भैया म्हणाला, "काकी, आपका फोटो लगाता हूँ दीवार पे."

"फोटो नोको. कार्ड बदलव."

नागपूरवाल्यानं कुरकुर करत दहाही कार्डं परत घेतली. नवीन दहांवर टिकला तिनं लावला, स्वतःच्या हातानं. तेव्हापासून बाटली तिच्या सुपात राहायची. मी कार्ड टिनाखालून काढून तिच्यापुढं ठेवायचो, एवढंच.

पुढं तिची छाती भरत गेली. डॉक्टर म्हणाले तंबाखू बंद. एवढी वर्षं तंबाखूची धूळ तिच्या नाकातोंडात जात होती. कार्डाच्या पंख्यातला कोंडा मी ब्रशनं काढायचो, हे मात्र मला कधी सुचलं नाही. याच्यावर जास्त लिहीत नाही. तिनं बिड्या सोडल्या. पण कार्ड आलं की पानं कापून घ्यायची अन् रिकामी बिडी वळायची, तंबाखूशिवाय. "हाताले काय मालूम आत काय हाये," म्हणायची. शेवटचं कार्ड तिनं खाटेवर बसून पास केलं. एकही छाट नव्हती.

ती गेल्यावर मी कार्डाचं काम बंद केलं. गेल्या महिन्यात भाऊलालजींचा फोन आला. त्यांचं कार्ड शेवटी जळालं होतं. "मिस्त्री, दुसरं पाठवा. पन टिकलावालंच पाहिजे. आरसा तुमाले मालूम हाये." मी म्हटलं, आता टिकला लावणारी नाही. ते म्हणाले, "मंग मी बी थांबतो."

मी दोन नमुने मागवले. दोन मशीन मांडल्या, चादरी टाकल्या, दोन्हीवर ट्रकचा गेम लावला. तिचं सूप काढलं. शेजारच्या वत्सलाबाईला म्हटलं, मला बिडी वळायला शिकव. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, तिच्या बाजूले इतकी वर्षं बसले अन् इतकं बी शिकले नाई?"

"मी पडदा पाहून राहिलो होतो," मी म्हटलं.

रोज दुपारी बसतो. आरशावर नजर ठेवतो अन् रिकामी पानं वळतो. डावीवर पंचवीसातून पंचवीस छाट, उजवीवरही पंचवीस. त्यात कार्डांचा काही दोष नाही. भाऊलालजींना कळवलं आहे, एक कट्टा नीट जमला की पाठवतो.